सतराव्याची जागा

निनाद फळा पुसायला उठला तसे कोतवालसर त्याला म्हणाले, "राहू दे."

निनादने डस्टर खाली ठेवलं आणि तो जागेवर जाऊन बसला. फळ्यावरची आकृती जिथल्या तिथे राहिली. एवढंच घडलं, आणि बैठकीतल्या बाकी कोणाला त्यात काही वाटायचं कारणही नव्हतं. मी मात्र त्या दोन शब्दांपाशीच अडकले. मंगळवारची सकाळ होती. गुरुवारी दुपारी चार वाजता आमच्या चिपची फाईल परदेशातल्या कारखान्याकडे जायची होती, आणि एकदा गेली की तिच्यातला ठिपकासुद्धा बदलता येणार नव्हता.

ही गोष्ट दोन हजार बारा सालची. मी उज्ज्वला गायधनी, तेव्हा एकोणतीस वर्षांची, नाशिकला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या आठ माणसांच्या एका कंपनीत चिपचे नकाशे काढत होते. चिपचा नकाशा म्हणजे घराच्या नकाशासारखाच. कोणता ट्रान्झिस्टर कुठे बसेल, कोणाची तार कोणाच्या अंगावरून जाईल, हे सगळं आधी कागदावर आणि मग कॉम्प्युटरवर. फरक इतकाच, की घर चुकलं तर भिंत पाडता येते.

टी-बेचाळीस नावाची एक टायमर चिप ऐंशीच्या दशकात एका सरकारी प्रयोगशाळेत तयार झाली होती. ठरावीक वेळ चालू, ठरावीक वेळ बंद, एवढंच तिचं काम. पण ते ती इतक्या इमानाने करायची, की नवजात बाळांना ऊब देणारे वॉर्मर बनवणारी एक कंपनी पंचवीस वर्षं दुसरी चिप लावायला तयार नव्हती. आता ती बनणं कधीच थांबलं होतं आणि साठा संपत आला होता. तीच चिप नव्या काळासाठी पुन्हा करून देण्याचं काम कोतवालसरांनी अंगावर घेतलं होतं. बारा व्होल्टवर चालायची ती तीनवर चालली पाहिजे, आकार दहापट लहान झाला पाहिजे. "धोतर नेसणाऱ्या आजोबांना पँट चढवायची आहे," सर म्हणायचे. "पण चाल तीच राहिली पाहिजे. वॉर्मरला कळता कामा नये की आत माणूस बदललाय."

आमच्याकडे आधाराला होती ती मूळ आकृती. जनार्दन खैरनार नावाच्या माणसाने, सगळ्यांच्या नानांनी, ती हाताने काढली होती. सर उमेदवारीच्या काळात वर्षभर त्यांच्या हाताखाली होते, आणि म्हाताऱ्याने निवृत्तीनंतर जपून ठेवलेली ती गुंडाळी सरांना देऊन टाकली होती. तेवीस ट्रान्झिस्टर, प्रत्येकाला नंबर, आणि कडेला शिसपेनीने बारीक अक्षरात टिपणं. मी एक तक्ता केला होता. जुना पहिला ट्रान्झिस्टर नव्या नकाशात कुठे गेला, दुसरा कुठे गेला, असं तेवीसपर्यंत. काही नव्या तंत्रात लागत नव्हते, त्यांच्यापुढे वगळण्याचं कारण लिहायचं होतं.

सतरावा ट्रान्झिस्टर मला कधी कळलाच नाही. तो एका बाजूला बसलेला असायचा, त्याच्यातून वीज वाहायची नाही, कॉम्प्युटरवर चिप चालवून बघितली तर तो असला काय नि नसला काय, काही फरक पडायचा नाही. लग्नघरात दारात खुर्ची टाकून बसलेल्या एखाद्या काकांसारखा. त्याच्याभोवती नानांनी शिसपेनीने एक गोल काढला होता, आणि शेजारी दोन शब्द लिहिले होते. राहू दे.

आमच्या घरी राहू दे म्हणजे नको. आई भात वाढायला आली की बाबा म्हणायचे, राहू दे, आणि आई पातेलं घेऊन परत जायची. मी तक्त्यात सतराव्यापुढे लिहिलं, 'मूळ रचनाकाराच्या सूचनेनुसार वगळला', आणि खाली सही केली. त्या तक्त्यावर भिस्त ठेवून पुढचं सगळं झालं.

आणि आता निनाद डस्टर ठेवून जागेवर बसला होता. फळ्यावरच्या आकृतीला कोणी हात लावला नव्हता.

बैठक संपल्यावर मी जागेवर जाऊन तो कागद उघडला. गोल, आणि राहू दे. हा नको, जाऊ दे. किंवा, हा आहे तसा असू दे, हात लावू नका. मी ते दोन शब्द इतक्या वेळा वाचले की शेवटी त्यांना काही अर्थच उरला नाही.

समजा त्यांना असू दे म्हणायचं असेल, तर तो कशासाठी असावा? दुपारपर्यंत मला एकच गोष्ट सुचली. वीज जाते आणि परत येते, तेव्हा चिप झोपेतून उठते. उठताना तिने 'बंद' म्हणूनच उठायला हवं. ती 'चालू' म्हणून उठली आणि तशीच अडकली, तर हीटर पेटलेला राहील, आणि हीटरखाली दोन किलोचं बाळ असेल. वॉर्मरमध्ये दुसरी एक सुरक्षा असते, हे मला माहीत होतं. पण पुढच्याचा ब्रेक चांगला आहे म्हणून आपल्या गाडीचा काढून टाकत नाहीत.

संध्याकाळी साडेपाचला मी कॉम्प्युटरवर वीज हळूहळू चढवून चिप दहा वेळा उठवून पाहिली. नऊ वेळा ती शहाण्यासारखी बंद उठली. दहाव्यांदा कॉम्प्युटरने उत्तरच दिलं नाही, मधेच अडकला. असं तो एरवीही अडकतो. नऊ म्हणजे नव्वद टक्के, आणि दहावा म्हणजे कॉम्प्युटरचा चावटपणा, असं मी स्वतःला सांगितलं. स्वतःला समजावण्यात मी तेव्हा चांगलीच तरबेज होते.

सरांकडे जाऊन सांगायला हवं होतं. मी दारापर्यंत गेलेसुद्धा. सर फोनवर वॉर्मरवाल्यांना सांगत होते की गुरुवारी नक्की, शब्द दिलाय म्हणजे दिलाय. ही खेप चुकली तर कारखान्यात पुढची जागा चार महिन्यांनी होती, आणि तोवर वॉर्मरवाले थांबतील याची सरांना स्वतःलाच खात्री नव्हती. ते गेले की कंपनीला टाळं. मी दारातून परत फिरले. नुसत्या शंकेवर आठ जणांच्या पोटावर पाय कसा द्यायचा? आधी खात्री करू, मग सांगू.

मी सटाण्याच्या पुढच्या गावी नानांच्या घरी फोन लावला. त्यांच्या सूनबाईंनी घेतला. शोभाताई नाव सांगितलं. नानांना फोनवर अजिबात ऐकू येत नाही म्हणाल्या. मी दोनदा ओरडून त्यांच्यामार्फत प्रश्न विचारून पाहिला, पण सतरावा ट्रान्झिस्टर मधल्यामधे 'सतरावं काय?' झाला. शेवटी त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही याच ना. ते घरातच असतात."

सरांना मी मावशी आजारी असल्याचं सांगितलं आणि बुधवारची रजा घेतली. गुरुवारच्या आदल्या दिवशी रजा मागणाऱ्या माणसाकडे जसं बघायचं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. पण मावशीपुढे काय बोलणार? हो म्हणाले.

सकाळी सहाची एसटी पकडली. आकृतीची गुंडाळी मांडीवर आडवी धरली होती, आणि वाटेत वणीला एक बाई तिच्यावर कोपर टेकवून झोपली तेव्हा मला रडू यायचंच बाकी राहिलं. सटाण्याहून पुढे काळीपिवळी जीप. पोचायला साडेदहा वाजले.

नाना ओट्यावरच बसले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, काटक, स्वच्छ पायजमा-सदऱ्यातला माणूस, एका कानात श्रवणयंत्र. कोतवालसरांचं नाव सांगितल्यावर त्यांनी मला आत नेलं, पलंगावर आकृती पसरायला लावली आणि चारी कोपऱ्यांवर पाण्याचा तांब्या, पंचांग, शोभाताईंचा मोबाइल आणि स्वतःची चपटी डबी ठेवली. मग भिंग घेऊन ते तिच्यावर वाकले, आणि बराच वेळ वरच आले नाहीत. मी काय विचारायला आलेय हे ते विसरले असावेत अशी मला भीती वाटायला लागली.

"नाना," मी त्यांच्या यंत्राजवळ जाऊन म्हणाले, "हा सतरावा. इथे तुम्ही राहू दे लिहिलंय."

"हो. अक्षर माझंच आहे."

"म्हणजे काय करायचं?"

त्यांनी भिंग खाली ठेवलं. डोळे मिटले. मला वाटलं, आता सांगतील, एक शब्द, आणि मी सुटेन, किंवा बुडेन. काय ते होऊन जाईल.

"आठवत नाही," नाना म्हणाले.

मी ऐकलं ते खरं वाटेना, म्हणून पुन्हा विचारलं. त्यांनीही पुन्हा तेच सांगितलं. तीस वर्षं झाली होती. तेव्हा वरचे साहेब रोज सांगायचे, हा काढा, तो काढा, चिप लहान करा. काही काढले, काही नाही काढले. हा कोणत्यातला, ते आठवत नव्हतं. छापून आलेल्या चिपमध्ये तो होता की नव्हता, असं मी विचारलं. छपाईच्या फिल्म्स प्रयोगशाळेतच राहिल्या आणि प्रयोगशाळा रद्दीत गेली, असं ते म्हणाले. हे सांगताना त्यांना वाईट वाटत होतं, पण माझ्याइतकं नाही. मी एसटीने आणि जीपने ज्याचं अक्षर त्याच्यापर्यंत पोचले होते, आणि त्यालाच ते वाचता येत नव्हतं.

शोभाताईंनी जेवायला बसवलं. पंखा बंद होता, वीज दहाला जायची ती दीडपावेतो यायची नाही, असं त्या म्हणाल्या. नानांच्या ताटात भाकरी वाढायला त्या वाकल्या, तर नाना म्हणाले, राहू दे. त्या भाकरी घेऊन मागे झाल्या. मग त्यांनी ठेच्याची वाटी उचलायला हात पुढे केला, आणि नाना पुन्हा म्हणाले, राहू दे. शोभाताईंनी वाटी तिथेच सोडली.

मी जेवायची थांबले. "शोभाताई, तुम्हाला कसं कळलं?"

"काय?"

"आधीच्या राहू देला तुम्ही भाकरी नेलीत. नंतरच्याला वाटी ठेवलीत."

शोभाताई हसल्या. "हातावरनं, ताई. नको असलं की नाना हात पालथा धरतात ताटावर. असू दे म्हणायचं तर हात हलवत बी नाहीत."

कागदावर हात नसतो. मी ते मोठ्याने म्हणाले असेन, कारण नाना माझ्याकडे बघायला लागले. मग त्यांनी ताटातच हात धुतला आणि सुनेला सांगितलं, माळ्यावरची फळी काढ.

फळी म्हणजे खरोखरच लाकडी फळी होती, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. त्या काळी चिप छापायच्या आधी तीच रचना सुट्या ट्रान्झिस्टरांची फळीवर मांडून बघत. खिळ्यांना तारा, तारांना ट्रान्झिस्टर, प्रत्येकाशेजारी लाल रंगात नंबर. टी-बेचाळीस अजून चिप झाली नव्हती तेव्हाची ती टी-बेचाळीस होती. तिला एक छोटा दिवा जोडला होता. बटण दाबलं की दिवा दहा सेकंद लागायचा आणि विझायचा. मी घाईघाईने सतरावा शोधला. तो होता, पण त्याला सोल्डरिंगचा डाग दिलेला नव्हता. तो एका खोबणीत नुसता खोवला होता, काढता-घालता यावा म्हणून.

म्हणजे यावरूनही काही ठरत नव्हतं. असला तर आहे, काढला तर नाही.

नानांनी मात्र तो पाहिला आणि त्यांचा चेहरा कामाला लागला. अडॉप्टर कुठल्याशा डब्यातून काढला, दोन तारा नव्याने डागल्या, गॅसवर तापवलेल्या, डाग द्यायच्या त्यांच्या जुन्या तांब्याच्या काडीने. त्यांनी मला काय सांगितलं ते एवढंच. शहरात बटण दाबलं की वीज धाडकन येते, तुमच्या टेबलावर तर त्याहून धाडकन. इथे तशी येत नाही. वीज आली की गावातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, विजेला उठवत नाही, ती रांगत रांगत वर येते. तुझ्या कॉम्प्युटरला हे माहीत आहे का?

मी हळूहळू चढवून पाहिलं, असं मी सांगितलं.

"किती हळू?"

मी आकडा सांगितला. एका सेकंदाचा विसावा भाग.

नाना पहिल्यांदाच हसले. "इथे कधी कधी मिनिट लागतं."

त्यांनी दोन बोटांनी सतरावा उपटला आणि पंचांगावर ठेवला. वीज दिवसातून दोनदाच यायची, त्यामुळे आता एकच संधी होती. फळी भिंतीजवळ, अडॉप्टर सॉकेटमध्ये, खटका चालू. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. आम्ही तिघं त्या न पेटलेल्या दिव्याकडे बघत बसलो.

त्या पस्तीस मिनिटांत मी काय काय मागितलं, ते सांगायला लाज वाटते. दिवा लागू नये, असं मी मागत होते. लागला नाही तर सतरावा खरंच बिनकामाचा ठरेल, मी उद्या फाईल पाठवीन, मावशी बरी होईल आणि कोणाला काही कळणार नाही. खरं काय आहे ते मला समजून घ्यायचं नव्हतं. मला फक्त सुटायचं होतं.

दीडची वीज पावणेदोनला आली. आधी लांबून मोटारींची घरघर ऐकू आली. ट्यूबलाइट दोनदा लुकलुकून गप्प झाली. पंखा हळूच हलला, पाती मोजता येतील इतक्या संथपणे. दिवा बंद होता. मी श्वास सोडला. पंखा जरा वेगाने फिरला. दिवा बंदच होता. "झालं?" शोभाताईंनी विचारलं. आणि मग, ट्यूब लागायच्या जरासं आधी, दिव्यात एक तांबूस धागा दिसला, वाढला, आणि दिवा लागला.

बटणाला कोणी हात लावला नव्हता. मी मनात दहा मोजले. मग वीस. मग मोजणं सोडून दिलं. शोभाताई दोन-तीन वेळा आत-बाहेर करून आल्या तरी दिवा लागलेलाच होता. नानांनी त्याच्यावर तळहात धरला आणि तापलाय म्हणून मागे घेतला.

नंतर आम्ही खटका बंद-चालू करून सात-आठ वेळा पाहिलं. प्रत्येक वेळी दिवा गुपचूप बंद उठला. माझ्या टेबलावर उठायचा तसाच. माझ्या टेबलावर ही चूक जन्मात सापडली नसती.

नानांनी सतरावा पंचांगावरून उचलला, पुसला आणि खोबणीत खोवला. "ठेव असंच लिहायला हवं होतं मी," ते म्हणाले. "एक अक्षर वाचलंही असतं." मला बरं वाटावं म्हणून म्हणत होते, ते मला कळत होतं. मग त्यांनी माझ्या नव्या नकाशाची छापील प्रत मागितली आणि ते तिच्यावर वाकले. मी ती बरोबर नेली होती, पण तोवर दाखवली नव्हती. त्यांनी भिंग फिरवत फिरवत नेमक्या जागेवर आणून थांबवलं.

"त्याच्या जागी काय घातलंस?"

नकाशे काढणाराच असा प्रश्न विचारू शकतो. जागा मोकळी ठेवायची नसते, हे त्याला माहीत असतं. त्यांनी भिंग माझ्याकडे सरकवलं.

"माझं नाव," मी म्हणाले.

हेच मी दोन दिवस कोणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नीटसं नाही. चिपचा नकाशा काढणारे कुठेतरी कोपऱ्यात आपली अक्षरं घालतात. कोणाला दिसत नाहीत, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात, पण असतात. ही माझी पहिली चिप होती आणि कुठेच कोपरा उरला नव्हता. मी आठवडाभर जागा शोधत होते. सतराव्यापाशी राहू दे वाचलं तेव्हा मला दोन्ही अर्थ ठाऊक होते. मराठी माणसाला ते ठाऊक नसतील कसे? विचारायला तेव्हा भरपूर वेळ होता. पण एका अर्थात जागा मिळत होती आणि दुसऱ्यात मिळत नव्हती. बाबांचा भात मला नंतर सुचला.

"किती अक्षरं?" नानांनी विचारलं.

"दोन. देवनागरीत. उज्ज्वलाचा उ आणि गायधनीचं गा."

नानांनी भिंगातून पुन्हा पाहिलं. त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मला कळेना की ते हसताहेत की खोकताहेत.

"उगा," ते म्हणाले. "बरोबर लिहिलंयस."

मी पण हसले आणि हसता हसता रडले, दोन्ही एकदम. शोभाताईंनी पाणी आणून दिलं.

तीन वाजता ओट्यावर जाऊन मी सरांना फोन लावला. नानांच्या घरात एवढ्याच जागी रेंज मिळायची. सरांचा पहिला प्रश्न होता, मावशी कशी आहे.

"मावशी ठणठणीत आहे, सर. मी खोटं बोलले. मी खैरनारनानांकडे आलेय."

मग मी सगळं सांगितलं. राहू दे, फळी, रांगणारी वीज, दिवा. तक्त्यावरची माझी सही. सतराव्याच्या जागी असलेली दोन अक्षरंसुद्धा सांगितली, कारण ती गाळली असती तर बाकीचं सगळं पुन्हा खोटंच ठरलं असतं. एका दिवसात दुरुस्ती होणार नाही, सतरावा घालून सगळं पुन्हा तपासायला तीन आठवडे तरी लागतील, हेही सांगितलं. पलीकडे निनाद कोणाला तरी चहा विचारत होता, ते मला ऐकू येत होतं.

बऱ्याच वेळाने सर म्हणाले, "राहू दे."

माझ्या जिभेवर 'बरं सर' आलं होतं. बरं सर म्हणून फोन ठेवता आला असता. राहू दे, आहे तशी जाऊ दे, बघू पुढचं पुढे, असं ते म्हणाले असं मी धरून चालले असते, आणि जबाबदारी त्यांच्या गळ्यात गेली असती. मी ओट्याच्या खांबाला धरलं.

"सर, राहू दे म्हणजे काय? फाईल आहे तशी पाठवायची, की थांबवायची?"

"गायधनी, मराठी येत नाही का तुला?"

"येतं सर. म्हणूनच विचारतेय."

ते परत गप्प झाले. या वेळची शांतता मला फार लांब वाटली. आठ माणसं, सरांनी कंपनीत घातलेली नऊ वर्षं, गुरुवारचा दिलेला शब्द, सगळं तिच्यात होतं, आणि ते तिथे माझ्यामुळे आलं होतं.

"थांबव," सर म्हणाले. "आणि सतरावा ठेव. नानांना माझा नमस्कार सांग."

त्यानंतर जे झालं ते काही गोड नव्हतं. वॉर्मरवाले चिडले, सरांना त्यांच्यापुढे जाऊन हात जोडावे लागले. ते थांबले, पण त्या चार महिन्यांत आमच्यातले दोघं दुसरी नोकरी बघून गेले, आणि त्यातला एक निनाद होता. जाताना तो माझ्याशी बोलला नाही. सरांनी मला काढलं नाही. का काढलं नाही, ते मी विचारलं नाही. तेवढा एक प्रश्न मी अजूनही विचारलेला नाही.

नवा नकाशा झाला तेव्हा मी त्याची मोठी प्रत काढून भिंतीला लावली. सतरावा आपल्या जागी होता, दारात खुर्ची टाकून बसलेला. त्याच्यापुढे तक्त्यात मी लिहिलं होतं, 'ठेवायचा', आणि खाली कशासाठी ते चार ओळींत. सर बराच वेळ भिंतीपाशी उभे राहून एकेक तार बघत गेले. शेवटी खालच्या उजव्या कोपऱ्यावर त्यांनी बोट ठेवलं. तिथे थोडी जागा उरली होती.

"इथे दोन अक्षरं मावतील तुझी," ते म्हणाले. "घालतेस?"

"राहू दे, सर," मी म्हणाले, आणि त्यांचा गैरसमज व्हायला नको म्हणून हात पालथा धरला.